एका खाड्याची किंमत

तुमच्या चित्रपटाचा बारा पानांचा आराखडा मी दोनदा वाचला. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे मराठी कुटुंब. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले आजोबा. रेडीमेड कपड्यांचे काज-बटण नगावर मजुरी घेऊन करणारी आई. पंधरा वर्षांची बहीण. आणि सांवेर रोडवरच्या प्लास्टिकच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा सतरा वर्षांचा मुलगा, जो या चित्रपटाचा नायक आहे. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. ही गोष्ट गरिबीचे प्रदर्शन न होता कशी सांगावी, भूमिकांसाठी वस्तीतलीच मुले घ्यावीत की नाटकात काम केलेली, आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या, म्हणजे रोषणाईच्या रथांच्या, रात्री मुलगा घर सोडून मुंबईची गाडी पकडतो हा शेवट योग्य आहे का. पटकथालेखन आणि दिग्दर्शन यांत माझी अठ्ठावीस वर्षे गेली असून त्यांतला बराच काळ अशाच वस्त्यांमध्ये, याच वयाच्या मुलांबरोबर गेला आहे. शिवाय मी इंदूरचीच आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मुलगा कारखान्यात जातो हे तुमच्या बारा पानांत सात वेळा येते, पण त्याला महिन्याला किती रुपये मिळतात हे एकदाही येत नाही. माझ्या दृष्टीने आराखड्यातली मुख्य उणीव हीच आहे आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी येऊन थांबतात. माझे मामा इथल्या एका गिरणीत हजेरी कारकून होते. त्यांच्या घरी लहानपणी मी जो शब्द सर्वांत जास्त वेळा ऐकला तो म्हणजे 'खाडा', कामावर न गेलेला दिवस. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो किंवा मुलाला ताप असो, ती हकिकत मामांच्या तोंडी 'त्याचे दोन खाडे झाले' अशीच येई. त्यात कोरडेपणा नव्हता; त्या खाड्यांनी कोणाच्या घरी काय होणार आहे हे त्यांना ठाऊक असे.

तुमच्या कुटुंबाचा हिशेब आपण मांडून पाहू. समजा, मुलाला महिन्याला ११,००० रुपये मिळतात आणि आईच्या काज-बटणाचे ४,२०० होतात, म्हणजे घरात १५,२०० रुपये येतात. भाडे ४,५००, किराणा ५,०००, दूध १,२००, गॅस ९००, वीज ४००, आजोबांची औषधे १,१००, बहिणीच्या शिकवणीचे ७०० आणि आईच्या भिशीचा हप्ता १,००० धरला, तर १४,८०० रुपये जातात आणि ४०० शिल्लक राहतात. आता मुलाच्या पगाराला सव्वीस दिवसांनी भागा. एका खाड्याची किंमत सुमारे ४२३ रुपये होते, म्हणजे एक खाडा झाला तरी महिन्याची सगळी शिल्लक संपून वर तेवीस रुपये अंगावर येतात. आकडे तुम्ही वस्तीत चार घरी बसून दुरुस्त करा, पण पटकथेचे पहिले पान लिहिण्याआधी हा कागद तयार हवा. तुमच्या आराखड्यात मुलगा एका दुपारी मित्रांबरोबर पाताळपाण्याला धबधबा पाहायला जातो आणि तिथे मुक्कामच करतो. आज तो प्रसंग केवळ सुंदर आहे. ४२३ रुपयांचा आकडा प्रेक्षकाला आधी कळलेला असेल, तर त्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या हसण्याकडे तो श्वास रोखून पाहील, आणि त्यासाठी तुम्हाला एकही दुःखी चेहरा किंवा गळके छप्पर दाखवावे लागणार नाही. गरिबीचे प्रदर्शन होते ते दिग्दर्शकाला परिस्थिती दिसते आणि हिशेब दिसत नाही म्हणून. फुटलेली भिंत पाहून प्रेक्षक हळहळतो, पण उसनवारी कोणाकडे करायची हे ठरवणाऱ्या आईबरोबर तो स्वतः विचार करू लागतो.

या जातीच्या चित्रपटांतील उत्तम कृती पाहिल्या, तर त्यांचा कणा असाच निघतो. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांच्या १९६९ च्या 'केस' या चित्रपटात (हे त्यातल्या छोट्या ससाण्याचे नाव आहे) बार्न्सली या कोळशाच्या खाणींच्या गावातला शाळकरी मुलगा एक पक्षी माणसाळवतो, आणि शेवटी त्याचा खाणकामगार भाऊ तो पक्षी मारून टाकतो. हे कळते तेव्हा भावाचा क्रूरपणा आठवतो, पण त्या क्रूरपणाच्या मागे घोड्यांच्या शर्यतीवर लावायला दिलेले थोडे पैसे आहेत. मुलाने ते लावलेच नाहीत, घोडे जिंकले, आणि त्या रकमेत भावाला आठवडाभर खाणीत उतरावे लागले नसते. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा 'रोझेत्ता', ज्याला १९९९ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, सुरूच होतो तो उमेदवारीची मुदत संपली म्हणून नायिकेला कारखान्यातून काढून टाकतात तिथून. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त शाळेसमोर डुकरे धरण्याचे जे काम जब्याच्या कुटुंबाला करावे लागते, त्यातच त्याच्या जगण्यातली सगळी लाज आणि सगळा राग एकवटतो. तिन्ही ठिकाणी मुलगा किंवा मुलगी मोठी होते ती कामाच्या आणि पैशाच्या उंबऱ्यावर.

इथे कायद्याची एक गोष्ट तुमच्या कथेच्या फार उपयोगाची आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. बाल व किशोरवयीन कामगारांच्या १९८६ च्या कायद्यानुसार, २०१६ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, चौदा ते अठरा वयाच्या मुलाला संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत कामावर ठेवता येत नाही आणि त्याच्याकडून ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. म्हणजे तुमचा सतरा वर्षांचा नायक रात्रपाळी करत असेल, तर हजेरीपटावर त्याचे वय अठरा किंवा एकोणीस लिहिलेले आहे, किंवा तो दुसऱ्याच कोणाच्या नावावर उभा आहे, किंवा त्याचे नाव ठेकेदाराच्या खिशातल्या वहीखेरीज कुठेच नाही. यांपैकी कोणतीही एक शक्यता निवडा, कारण तिच्यातून तुम्हाला वयात येण्याचा तुमच्या कथेपुरता अर्थ सापडेल. कागदावर हा मुलगा आधीच मोठा झालेला आहे. तपासणीला माणसे येणार म्हणून ठेकेदार त्याला दोन तास मागच्या गोदामात बसायला सांगतो, असा प्रसंग लिहून पाहा. पोत्यांवर बसलेल्या त्या मुलाला त्या दोन तासांत पुन्हा सतरा वर्षांचे व्हायला मिळते. आणि ते दोन तास मजुरीत धरले जातील का, हा प्रश्न तो बाहेर आल्यावर विचारतो की गिळून टाकतो, यावर त्याचा स्वभाव उभा राहील.

बहिणीबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे. तुमच्या आराखड्यात ती तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा चहा देते. आईच्या नावावर जे ४,२०० रुपये मांडले, त्यातली किती बटणे बहिणीच्या हातची आहेत हे या घरात कोणी मोजलेले नाही. भावाचा तास मोजला जातो, त्याचा खाडा पडतो, म्हणून घरात त्याला शब्द आहे. बहिणीचा तास कुठल्याच वहीत नाही, म्हणून ती शिकवणीला गेली काय किंवा न गेली काय, चर्चा फक्त ७०० रुपयांची होते. मुलाला ही गोष्ट एखाद्या पहाटे, पाळीहून घरी आल्यावर, दिव्याखाली दोघींचे हात पाहताना उमजली तर तो तुमच्या चित्रपटाचा मध्य ठरेल. मला तर वाटते की, हे लिहिता लिहिता नायक बदलावासा वाटला तर तुम्ही बेलाशक बदला.

आजोबांच्या बाबतीत तुम्ही आठवणींचा फार वापर केला आहे. गिरणीचा भोंगा, बंद फाटक, जुने ओळखपत्र या खुणा इंदुरातल्या प्रत्येक गिरणीकथेत येतात. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात अनेक कामगार वारले आणि पैसा त्यांच्या वारसांच्या हाती आला. तुमची गोष्ट आजची असेल तर हा पैसा या घरात आलेला आहे किंवा येऊ घातला आहे, आणि त्याचा तुमच्या बारा पानांत उल्लेखही नाही! एवढ्या वर्षांनी आलेल्या रकमेवर हक्क कोणाचा, आत्याचा वाटा किती, नातवाने त्यातून गाडी घेऊन रात्रपाळी सोडावी की नातीच्या शिक्षणासाठी ते राखावेत, यातून भोंग्यापेक्षा कितीतरी जिवंत प्रसंग मिळतील. आजोबा साचेखात्यात होते असे तुम्ही लिहिले आहे. मागांच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला कमी ऐकू येते, तो घरात मोठ्याने बोलतो आणि महत्त्वाचे असेल ते हाताच्या खुणेने सांगतो. नातू ज्या मशीनवर उभा राहतो तिथेही शब्द ऐकू येत नाहीत. या दोघांना एकच खुणांची भाषा येते, हे दाखवायला संवाद लागणार नाहीत.

हे कुटुंब मराठी आहे, एवढे सांगून भागणार नाही. इंदुरात मराठी म्हटले की होळकर, रामबाग, महाराष्ट्र साहित्य सभा आणि नाटकांचे प्रयोग डोळ्यांसमोर येतात, आणि ते खरेही आहे. पण गिरण्यांच्या कामासाठी खानदेशाकडून आलेली मराठी घरेही याच शहरात आहेत, आणि १४ एप्रिलला महूला जाणारी मराठी घरेही आहेत. तुमचे कुटुंब यांतले कोणते, त्याची जात कोणती, हे पडद्यावर उच्चारले जाईल न जाईल, पण तुम्हाला ते पक्के माहीत असलेच पाहिजे. भाड्याची खोली कोणाला कोणत्या गल्लीत मिळते, ठेकेदार कोणाला सफाईचे काम सांगतो आणि कोणाला मशीनवर घेतो, हे त्यावरच ठरते. भाषेचेही तसेच आहे. हा मुलगा आजोबांशी मराठी बोलेल, आईशी अर्धे मराठी आणि अर्धे हिंदी बोलेल, आणि गल्लीत 'भिया' आणि 'अपन' म्हणत पूर्ण इंदुरी होईल. बहीण त्याच्यावर रागावली की मराठीत येईल, की मुद्दाम हिंदीत बोलून त्याला परके करील, हे कान देऊन ठरवा. संवाद तुम्ही लिहा, मात्र तालमीत मुलांना त्यांच्या शब्दांत म्हणू द्या आणि मग त्यांचे शब्द पटकथेत उतरवून घ्या.

आता कलावंतांचा प्रश्न. नायक आणि बहीण वस्तीतून घ्या. आजोबांसाठी मात्र रंगभूमीवरचा अनुभवी, संयत नट चालेल, कारण म्हाताऱ्या माणसाला महिनाभर रोज दहा तास उभे करणे बरोबर नाही. 'फँड्री'तला जब्या हा हलगी वाजवणारा, कॅमेऱ्यासमोर पूर्वी कधी न आलेला मुलगा होता, हे तुम्हाला माहीत असेल. निवड करताना संवाद म्हणायला लावू नका. मुलाला रोजचे काम करायला सांगा, सायकलची चेन बसवणे, पोते शिवणे, डबा भरणे, आणि तो काम करताना त्याच्याशी गप्पा मारा. ज्याचे हात बोलतानाही थांबत नाहीत तो मुलगा कॅमेरा विसरू शकतो. निवडीनंतर सहा आठवड्यांची कार्यशाळा ठेवा आणि त्यातले पहिले दोन आठवडे कॅमेरा आणूच नका. चित्रीकरण शक्य तितके कथेच्या क्रमाने करा. लोच हीच पद्धत वापरत आणि पुढे काय होणार हे नटांना आधी सांगत नसत. क्रमाने चित्रीकरण केल्यास खर्च वाढतो, पण एक कारखाना, एक घर आणि एक गल्ली एवढ्याच जागा असतील तर तो आवाक्यात राहतो, आणि नवख्या मुलाचा दमलेपणा कथेतल्या मुलाच्या दमण्याबरोबर वाढत जातो.

मात्र या पद्धतीला एक काळी बाजू आहे आणि ती मी स्वतः पाहिली आहे. 'केस'मधल्या मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलांना खरोखर छड्या मारल्या गेल्या. तो प्रसंग जगभर वाखाणला जातो आणि मी तो पाहते तेव्हा मला त्या मुलांचे तळहात दिसतात. माझ्या पहिल्या लघुपटात तेरा वर्षांच्या मुलाला रडू येत नव्हते, म्हणून मी त्याला त्याच्या वारलेल्या वडिलांची आठवण करून दिली. तो रडला, शॉट उत्तम मिळाला, आणि पुढचे दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने त्याला हाताला धरून आणले, कारण मानधनाचे पैसे घरात लागणार होते. तो शॉट मी चित्रपटात ठेवला नाही, पण त्या मुलाला परत उभे राहावे लागले हे माझ्याकडून घडले आहे. त्यामुळे तुम्हाला कळकळीने सांगते की, रडण्याचे, मारण्याचे, अपमानाचे प्रसंग मुलांना आधी पूर्ण समजावून, नाट्य म्हणून बसवा. रडणे आले नाही तर पाठ दाखवा किंवा हात दाखवा.

चौदा वर्षांखालील कोणीही मूल पडद्यावर असेल, तर त्याच बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम पाळणे बंधनकारक आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. माझी विनंती अशी आहे की, सतरा वर्षांच्या मुलालाही तुम्ही हेच लागू करा, कारण चित्रीकरणाचे तीस दिवस त्याच्या आयुष्यातले तीस खाडे आहेत. तो खरोखर कुठे कामाला असेल तर त्याची नोकरी राहणार आहे का, हे आधी त्याच्या मालकाशी बोलून घ्या. मीरा नायर यांच्या १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'नंतर रस्त्यावरच्या मुलांसाठी एक न्यास उभा राहिला आणि तो टिकला. तरीही त्या चित्रपटातला राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मुख्य मुलगा पुढे बंगळुरूत रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. पण पुरस्कारानंतर पुढे काय, हे त्या वयाच्या मुलाला कोणीतरी आधी सांगायला हवे, आणि सांगणारे तुम्हीच आहात.

तंत्राविषयी थोडेच सांगते. दहा बाय दहाच्या खोलीत बारा माणसांचे पथक मावत नाही. आत पाच जण जातील असेच नियोजन करा. घरातली माणसे जमिनीवर बसतात, तेव्हा कॅमेराही बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे प्रेक्षक त्यांच्याकडे वरून पाहणार नाही. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर पडद्यावर लुकलुकतात, म्हणून सेकंदाला चोवीस फ्रेमवर चित्रण करताना शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा. कारखान्यातले संवाद मशीन बंद ठेवून घ्या, मशीनचा आवाज वेगळा आणि भरपूर ध्वनिमुद्रित करा, आणि काही प्रसंगांत तो शब्दांवर चढू द्या. सकाळच्या कचरागाडीचे गाणे मागून येईल. ते या शहराचे घड्याळ आहे, पण त्याच्या वापराची परवानगी घ्यावी लागेल, आणि ती मिळेपर्यंत त्या वेळेत संवादांचे प्रसंग लावू नका. रात्रपाळी संपवून येणारा मुलगा झाडून धुतलेल्या रस्त्यांवरून घरी येतो, आणि ते रस्ते झाडणारे लोकही तेव्हा आपली पाळी संपवत असतात. त्यांच्यापैकी कोणाशी तरी त्याची नुसत्या मानेने ओळख असावी.

राहता राहिला शेवट. झाँक्यांचा मोह मला पूर्ण समजतो. बंद पडलेल्या गिरण्यांच्या नावाने आजही त्या रात्री रोषणाईचे रथ निघतात, सारे शहर रस्त्यावर जागते, आणि आजोबांच्या पिढीला त्या एका रात्री आपली गिरणी पुन्हा चालताना दिसते. पण तुमच्या आराखड्यात मुलगा ती झगमग पाहतो आणि निघून जातो, म्हणजे तो तिथे प्रेक्षक आहे. त्याला कामाला लावा. झाँकीतल्या हलत्या बाहुल्यांचे वायरिंग आणि वेल्डिंग कोणीतरी आठवडे आधीपासून रात्री करत असते. हा मुलगा रात्रपाळी करून ते शिकू लागला, तर त्याला खाडे पडू लागतील, आणि ४२३ रुपयांचा तो आकडा परत परत समोर येईल. आजोबांना तो गिरणीच्या नावासाठी राबतो याचा अभिमान वाटेल, आईला महिन्याची वही दिसेल, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. मुंबईची गाडी काढून टाका. ४०० रुपये शिल्लक असलेल्या घरातला मुख्य कमावता मुलगा गाडी पकडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या घरात काय शिजते हे दिग्दर्शकाला दाखवावे लागते, आणि तुमच्या शेवटात ते नाही.

मी लिहीत असते तर अनंत चतुर्दशी शेवटाच्या बरीच आधी संपवली असती, आणि शेवट मुलाच्या खऱ्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्री कारखान्यात केला असता. तो ठेकेदाराकडे जातो आणि हजेरीपटावर आपले खरे नाव आणि खरी जन्मतारीख लिहून मागतो. त्यातून पुढे भविष्य निर्वाह निधी, ओव्हरटाइमचा दर, अपघात झाला तर भरपाई, हे सगळे प्रश्न निघतात हे ठेकेदारालाही कळते आणि मुलालाही. ठेकेदार काय उत्तर देतो ते दाखवायचे की नाही, हे कार्यशाळा संपेपर्यंत ठरवू नका; जो मुलगा तुम्ही निवडाल त्यालाच एकदा हा प्रसंग करायला सांगा आणि तो तिथे किती वेळ उभा राहतो ते पाहा.

पटकथेचा पहिला खर्डा झाला की पाठवा, सोबत घरखर्चाचा दुरुस्त केलेला कागदही पाठवा. मी आधी तो कागदच वाचेन. आणि चित्रपट तयार झाल्यावर पहिला खेळ परदेशीपुऱ्यातच ठेवा, दुपारच्या वेळी, म्हणजे रात्रपाळीच्या मुलांना एकही खाडा न होता तो पाहता येईल.